लेकराचा ताबा : वकील कसा शोधावा, त्याला काय विचारावे

आरोग्याच्या पानावर वकिलाचा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. त्याचे कारण असे की नवरा-बायकोचे भांडण कोर्टात गेले की पहिल्यांदा आजारी पडते ते लेकरू. अंगणवाडीत त्याचे वजन घटलेले दिसते. लसीची तारीख चुकते. सिकलसेलच्या गोळ्या एका घरी राहतात आणि लेकरू दुसऱ्या घरी. अंथरूण ओले करणे केव्हाच थांबलेले सहा वर्षांचे पोर पुन्हा ओले करू लागते. आई त्याला पोटदुखीसाठी दवाखान्यात आणते, तपासणीत काहीच सापडत नाही, आणि मग हळूच कळते की घरात फारकतीची बोलणी चालू आहेत. नर्स म्हणून वॉर्डात आणि पुढे वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही हे अनेकदा पाहिले आहे. अशा लेकराला औषधाइतकीच गरज असते ती एका चांगल्या अर्जाची आणि तो अर्ज नीट करणाऱ्या वकिलाची.

देवळी आणि आसपासच्या गावांतल्या आपल्या घरांत वकील म्हटले की दोन गोष्टी मनात येतात. पैसे लागतील, आणि तारखांना वर्ध्याला हेलपाटे पडतील. त्यामुळे माणसे वकिलाकडे उशिरा जातात. तोवर लेकरू सहा महिने, वर्षभर एका घरी राहिलेले असते, शाळा बदललेली असते, आणि मग कोर्टालाही ते हलवताना विचार करावा लागतो. म्हणून ताब्याच्या कामात पहिले काही आठवडे फार मोलाचे असतात.

स्टॅम्पवरची फारकत म्हणजे घटस्फोट नव्हे

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे अजूनही चार नातेवाईक बसतात, स्टॅम्प पेपरवर फारकत लिहितात, नोटरीचा शिक्का मारतात, आणि त्यातच एक ओळ टाकतात की आईने मुलावरचा हक्क सोडला, किंवा बापाने सोडला. अशा कागदाने न्यायालयातला घटस्फोट होत नाही. आणि त्या ओळीने लेकराचा ताबाही कायमचा ठरत नाही. लेकरू म्हणजे काही भांडीकुंडी किंवा शेताचा बांध नाही की आईबापांनी सह्या करून वाटून घ्यावे. त्याचे हित कशात आहे ते कोर्ट स्वतः पाहते. म्हणून एखाद्या बहिणीने धाकापोटी असा कागद सही करून दिला असेल तर सगळे संपले असे समजून घरी बसू नये. तो कागद घेऊन वकिलाकडे जावे.

बैठकीला आमचा विरोध नाही. समजूतदार माणसे बसून समेट घडवत असतील तर चांगलेच. मात्र जे ठरेल ते परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या अर्जात लिहून कोर्टासमोर नोंदले गेले पाहिजे. तसे झाले तरच उद्या कुणी शब्द फिरवला तर हातात आदेश राहतो.

आपल्याला कोणता कायदा लागतो

आपण बौद्ध आहोत, मग हिंदू विवाह कायदा आपल्याला कसा, हा प्रश्न प्रत्येक मेळाव्यात निघतो. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी समाजात अनेक वर्षांची आहे. पण आज १९५५ चा हिंदू विवाह कायदा त्याच्या कलम २ नुसार बौद्धांनाही लागू आहे, आणि १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदाही तसाच लागू आहे. घटस्फोटाचा आणि स्त्रीच्या हक्कांचा विचार ज्या हिंदू कोड बिलात होता, त्याच बिलाची अडवणूक झाली म्हणून बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्याच बिलाचे तुकडे करून हे कायदे झाले. म्हणून कोर्टाची पायरी चढताना आपल्या बाईने मान खाली घालण्याचे कारण नाही. या हक्कासाठी आपल्या माणसाने मंत्रिपद सोडले आहे.

ताब्याच्या कामात हे मुद्दे माहीत असावेत :

१) पाच वर्षांखालच्या लेकराचा ताबा साधारणपणे आईकडे असावा, असे १९५६ च्या कायद्याचे कलम ६ सांगते. पण पाच वर्षे पूर्ण झाली की लेकरू आपोआप बापाकडे जाते, हे खोटे आहे. असा नियम कुठेच नाही.

२) त्याच कायद्याचे कलम १३ म्हणते की लेकराचे हित हाच सगळ्यात वरचा विचार. आईचा हक्क आणि बापाचा हक्क त्याच्या नंतर येतात.

३) पालकत्व वेगळे आणि ताबा वेगळा. कायद्याच्या शब्दांत बाप आधी आणि त्यानंतर आई असे नैसर्गिक पालक आहेत. पण १९९९ साली लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ‘त्यानंतर’ याचा अर्थ बाप मेल्यावरच असा घ्यायचा नाही. बाप लेकराकडे लक्ष देत नसेल, दूर असेल, तर बाप जिवंत असतानाही आई पालक म्हणून सही करू शकते. प्रकरण सुरू झाले होते रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांच्या एका अर्जावरून, पण त्याचा उपयोग आज बँकेत, शाळेत आणि दवाखान्यात संमतीची सही करताना होतो.

४) आईची कमाई कमी म्हणून तिला ताबा मिळणार नाही, असे नाही. लेकराच्या खर्चासाठी बापाकडून पोटगी मागता येते. कमाईबरोबर कोर्ट हेही पाहते की लेकराला खाऊ कोण घालते, शाळेत कोण सोडते, तापात रात्रभर कोण जागते.

५) समज आलेल्या मुलाचे म्हणणे कोर्ट विचारात घेऊ शकते. न्यायाधीश मुलाशी आपल्या दालनात वेगळे बोलू शकतात. त्यासाठी वयाचा ठरलेला आकडा नाही.

६) ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नव्हे. परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो.

अर्ज कुठे आणि कशाखाली

वकिलाशी बोलताना गोंधळ होऊ नये म्हणून मुख्य वाटा सांगतो.

पहिली वाट, घटस्फोटाचे काम चालू असेल तर त्याच कामात हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली ताबा, भेट आणि लेकराच्या खर्चाचा अर्ज. बायको स्वतः घटस्फोटाचा अर्ज करत असेल तर ती जिथे राहते तिथल्या कोर्टात करू शकते. नवरा पुण्याला आणि माहेर देवळीला, म्हणून पुण्याला जाऊनच दावा टाकावा लागतो असे नाही. कलम २४ खाली दावा चालेपर्यंतची पोटगी आणि कोर्टखर्चही मागता येतो.

दुसरी वाट, १८९० चा पालक व पाल्य कायदा. घटस्फोटाचे काम नसले तरी यात ताबा मागता येतो. लेकरू नेहमी जिथे राहते तिथल्या हद्दीच्या कोर्टात हा अर्ज जातो. आई किंवा बाप वारल्यावर आजी-आजोबांना, मावशीलाही हाच कायदा उपयोगी पडतो.

तिसरी वाट, घरात मारहाण, छळ असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा. याच्या कलम २१ खाली दंडाधिकारी लेकराचा तात्पुरता ताबा देऊ शकतात. भेटीने लेकराला इजा होईल असे वाटले तर भेट नाकारूही शकतात. ज्या बाईला तत्काळ संरक्षण हवे तिच्यासाठी ही वाट पुष्कळदा जवळची. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत द्यावी आणि काम साठ दिवसांत संपवण्याचा प्रयत्न करावा, असे हा कायदा सांगतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, पण कायद्यात लिहिलेले आहे म्हणून वकिलाने ते आग्रहाने मांडले पाहिजे. या कामात महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरून देतात. ते काम मोफत आहे.

एका पालकाने लेकरू उचलून नेले आणि भेटूच देत नाही, तर पोलिसांत लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. ‘हा तुमच्या घरातला मामला’ असे उत्तर मिळाले तरी पोच सोडू नये. त्यानंतर लगेच अंतरिम ताब्याचा अर्ज करावा. गंभीर प्रकरणात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात हेबियस कॉर्पसची याचिका करता येते. २०१९ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, आई वारल्यावर नातेवाइकांकडे राहिलेले लहान बाळ या मार्गाने बापाकडे गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. पण खोल चौकशीची गरज असेल तर काम पालक व पाल्य कायद्याच्या कोर्टातच चालावे, असेही न्यायालयाने सांगितले. म्हणून ही वाट घ्यायची की नाही हे वकिलाला नीट विचारून ठरवावे.

मोफत वकील : हा हक्क आहे

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ अ मध्ये गरिबांना मोफत कायदेशीर मदत देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. त्यातून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आला. त्याच्या कलम १२ नुसार सगळ्या स्त्रिया, सगळी बालके आणि अनुसूचित जाती-जमातींची माणसे मोफत वकिलाला पात्र आहेत. त्यांच्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही. म्हणजे बाईला जातीचा दाखला लागत नाही, उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. ती स्त्री आहे एवढे पुरे. आणि १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना घटनेच्या यादीत स्थान मिळाल्यामुळे जातीचा दाखला असलेला आपला पुरुषही मोफत वकील मागू शकतो. लेकराची खरी काळजी घेणाऱ्या बापाने हे लक्षात ठेवावे.

अर्ज कुठे करायचा? वर्ध्याला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. तालुक्याच्या न्यायालयांत तालुका विधी सेवा समिती असते. साध्या कागदावर मराठीत अर्ज चालतो. लिहिता येत नसेल तर तिथला माणूस लिहून घेतो. आधार कार्ड, लग्नाचा आणि लेकराच्या जन्माचा पुरावा, कोर्टाची नोटीस आली असेल तर तिची प्रत सोबत न्यावी. फोनवर विचारायचे असेल तर १५१०० हा देशभराचा क्रमांक आहे. जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्येही कायद्याचा सल्ला मिळतो. महिलांसाठी १८१ आहे.

विधी सेवेकडून नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून पैसे घ्यायचे नसतात. झेरॉक्ससाठी, ‘खर्चापाण्यासाठी’ म्हणूनही नाही. कुणी मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करावी. वकील लक्ष देत नसेल तर दुसरा वकील मागता येतो. फुकटचा वकील कामाचा नसतो, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. काही कंटाळा करतात हे खरे, पण खाजगी वकिलांतही कंटाळा करणारे आहेतच. मोफत वकिलाकडूनही काम नीट करून घेता येते, फक्त आपण विचारत राहिले पाहिजे.

आणखी एक सवलत फार कमी बायांना माहीत असते. पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोटाच्या कामांत स्त्रियांना कोर्ट फी माफ करणारी महाराष्ट्र शासनाची अधिसूचना १९९४ पासून आहे. बाईकडून कोर्ट फी म्हणून मोठी रक्कम मागितली जात असेल तर ती कशाची, हे विचारावे.

खाजगी वकील निवडताना

काही घरे खाजगी वकीलच पाहतात. त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. त्यामुळे कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर ‘साहेबांना ओळखतो, सेटिंग करून देतो’ म्हणणाऱ्या माणसाच्या नादी लागू नये. तो आपल्याकडून पैसे घेणार आणि वकिलाकडूनही. त्यापेक्षा ज्या बहिणीचे असे काम होऊन गेले तिला विचारा, विहारातल्या महिला मंडळात विचारा, गावात कुणी वकिली करणारे असेल तर त्यांना विचारा. प्रश्न एवढाच की ताब्याचे आणि पोटगीचे काम नेहमी कोण करते. जमिनीच्या दाव्यात नाव कमावलेला वकील लेकराच्या कामात तसाच असेल असे नाही. आणि दोन-तीन वकिलांशी बोलल्याशिवाय सही करू नये.

पहिल्या भेटीत हे प्रश्न विचारा. लाजू नका, वहीत लिहूनच न्या :

– ताब्याची कामे तुम्ही किती आणि कोणत्या कोर्टात चालवली?
– माझा अर्ज कोणत्या कायद्याखाली करणार आणि तोच का?
– अंतरिम ताब्याचा आणि भेटीचा अर्ज मूळ दाव्याबरोबरच टाकणार का?
– तारखेला तुम्ही स्वतः उभे राहणार की ज्युनिअर?
– फी एकूण किती, कोणत्या टप्प्याला किती, आणि त्यात काय-काय आले?
– लेकराला कोर्टात कधी आणावे लागेल?
– समेट, मध्यस्थी होऊ शकेल असे तुम्हाला वाटते का?

उत्तर देताना जो वकील आधी लेकराचे वय, शाळा, तब्येत आणि ते सध्या कुणाजवळ आहे हे विचारतो, त्याला काम कळते. आणि या गोष्टी बोलणाऱ्यापासून सावध राहा : ‘ताबा शंभर टक्के मिळवून देतो’ (तसे कुणीच सांगू शकत नाही), ‘आधी लेकरू उचलून आणा, मग पाहू’, ‘डॉक्टरकडून एक खोटे सर्टिफिकेट आणा’, ‘पोराला सांगून ठेवा साहेबांपुढे काय बोलायचे ते’. अशा युक्त्या कोर्टात उघड्या पडतात आणि खऱ्या बाजूवरचाही विश्वास जातो. दोन्ही पक्षांचे काम एकच वकील पाहणार असेल तर तेही नको.

फीची पावती मागा. मिळणाऱ्या पोटगीत किंवा रकमेत हिस्सा ठरवून फी घेणे वकिलाला नियमाने मना आहे. कोऱ्या कागदावर सही करू नका. वकीलपत्र आणि प्रतिज्ञापत्र वाचून, वाचता येत नसेल तर वाचून घेऊन, मगच सही करा. दावा दाखल झाला की सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या मोबाईल ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि त्या दिवशी काय झाले ते दिसते. दहावीतली भाची हे दोन मिनिटांत दाखवते. मग तारीख चुकली, कळवले नाही, हा वाद राहत नाही.

वकील बदलायचा असेल तर तो आपला अधिकार आहे. फी बाकी आहे म्हणून वकिलाला आपले कागद अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले आहे. त्याने गंभीर गैरवर्तन केले तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते.

दवाखान्याची फाईल हाच मोठा पुरावा

इथे आमचे नर्सचे अनुभव कामी येतात. लेकराची काळजी कोण घेते हे सिद्ध करायला साक्षीदारापेक्षा कागद बरा. माता-बाल संरक्षण कार्ड, त्यावरच्या लसींच्या नोंदी, अंगणवाडीतला वजनाचा तक्ता, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, शाळेच्या पालकसभेतल्या सह्या, हे सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावून ठेवा. घर सोडायची वेळ आली तर दागिन्यांआधी ती पिशवी उचला. मूळ कागद सासरी राहिले असतील तर ग्रामीण रुग्णालय, सेवाग्राम, सावंगी, जिथे उपचार झाले तिथे लेखी अर्ज करा. रुग्णाने किंवा पालकाने मागितल्यावर डॉक्टरांनी उपचाराच्या नोंदी ७२ तासांत द्याव्यात, असा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे.

मारहाण झाली असेल तर दवाखान्यात ‘पाय घसरून पडले’ असे सांगू नका. खरे कारण सांगा आणि ते लिहून घ्या. आपला जिल्हा दारूबंदीचा असूनही दारूने किती घरे मोडतात हे आपण जाणतो. व्यसनमुक्तीच्या उपचाराचे, पोलीस तक्रारीचे कागद असतील तर वकिलाला दाखवा. पण नसलेले कागद तयार करू नका.

दुसरीकडे, आजार हे बाईविरुद्धचे हत्यार होऊ देऊ नका. बाळंतपणानंतर उदास राहिली, झोपेच्या गोळ्या चालू होत्या, म्हणून ‘ती वेडी आहे, तिला लेकरू देऊ नका’ असे सासरचे कोर्टात मांडतात. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून माणूस भ्रमिष्ट ठरत नाही. तो कायदा असेही म्हणतो की उपचारासाठी दाखल झालेल्या आईपासून तिचे तीन वर्षांखालचे मूल साधारणपणे वेगळे करू नये. उपचार घेणारी आई म्हणजे जबाबदार आई. उपचार लपवू नका, नियमित घ्या, आणि डॉक्टरांकडून तब्येतीचा सध्याचा दाखला घ्या.

आदेशात काय लिहून घ्यावे

‘ताबा आईकडे, बापाला भेट’ एवढ्या एका ओळीने भांडण थांबत नाही. वकिलाला सांगून या गोष्टी अर्जात स्पष्ट मागा :

औषधोपचार : लेकराला सिकलसेल, दमा, फिट्स असे काही असेल तर भेटीला जाताना औषधे आणि कार्ड सोबत जाईल, त्रास झाला तर कोणत्या दवाखान्यात न्यायचे, ऑपरेशनला संमती कोण देईल. सिकलसेलच्या लेकराला थंडीत, पाण्यावाचून लांबच्या प्रवासाला नेले तर वेदनेचा झटका येऊ शकतो. भेटीची जागा ठरवताना हे सांगा. अंगावर पिणारे बाळ असेल तर भेट थोड्या वेळाची आणि आईच्या जवळपास मागा.

सणवार : १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या कुणाकडे. दीक्षाभूमीच्या गर्दीत लेकरू ओढाओढीत सापडू नये.

जातीचे कागद : हा मुद्दा बरेच वकीलही विसरतात. पुढे शिष्यवृत्तीला, प्रवेशाला जात पडताळणी लागते, आणि ती वडिलांच्या बाजूच्या कागदांवर होते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे मागतात. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, वडिलांचा जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र यांच्या प्रती बापाने द्याव्यात, असे आदेशातच लिहून घ्या. बारावीच्या वर्षात त्या कागदांसाठी पोराला दारोदार फिरावे लागू नये.

खर्च : शाळेची फी, औषधे आणि वह्या-पुस्तके महिन्याच्या रकमेत धरायची की वेगळी. एकल पालकाच्या लेकरासाठी शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तीत महिन्याला २२५० रुपये मिळतात. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात त्याची चौकशी जरूर करा.

काम चालू असताना लेकराला सांभाळा

कोर्टाचे काम लांबते. तोवर लेकराचे बालपण थांबत नाही. त्याच्यासमोर दुसऱ्या पालकाला शिव्या देऊ नका. ‘तुला कोण आवडते’ असे विचारू नका. त्याचा व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवू नका. तारखेच्या दिवशी शक्यतो ते शाळेतच असू द्या. झोपेची, जेवणाची वेळ मोडू देऊ नका. शाळेतल्या बाईंना थोडक्यात सांगून ठेवा, म्हणजे पोर गप्प झाले तर त्यांच्या लक्षात येईल.

रात्री दचकून उठणे, पुन्हा अंथरूण ओले करणे, नख खाणे, वारंवार पोट दुखणे, अचानक हट्टी किंवा अगदी मुके होणे, शाळेला जायला घाबरणे, ही लक्षणे दोन आठवड्यांच्या वर राहिली तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा. तिथून जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाकडे चिठ्ठी मिळते. फोनवर टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलतात. लेकराला मारहाण किंवा वाईट स्पर्श होत असेल तर वकिलाची वाट पाहू नका, १०९८ ला फोन करा.

शेवटी विहारांच्या मंडळांना एक विनंती. प्रत्येक विहारात एका वहीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, संरक्षण अधिकारी आणि वर दिलेले फोन क्रमांक लिहून ठेवा. आपल्याकडे लागलेल्या लग्नाचा दाखला त्याच दिवशी द्या आणि जोडप्याला लग्नाची सरकारी नोंदणी करायला लावा. उद्या कोर्टात लग्न झाल्याचाच पुरावा नाही म्हणून कुणाची लेक अडायला नको. आणि वर्ध्याच्या तारखेला जाणाऱ्या बहिणीला एकटी सोडू नका. मंडळातली एक बाई तिच्याबरोबर एस.टी.त बसली, तरी तिला अर्धा धीर येतो. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर होते. कायद्याचे पुस्तक आपल्या हाती द्यायला ते आयुष्यभर झटले. ते पुस्तक आपल्या लेकरासाठी उघडायला आपण घाबरायचे नाही.

जयभीम!